‘कुंकू’मधली नीरा मंडपातच ‘नाही’ का म्हणाली नाही?

रानजाई:

‘कुंकू’ पुन्हा पाहिला आणि एक प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रभातचा १९३७ सालचा बोलपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर बेतलेली. हिंदीत हाच ‘दुनिया न माने’ म्हणून आला. पुढे शेवटाचीही चर्चा होईल, तेव्हा ज्यांना आधी चित्रपट पाहायचा आहे त्यांनी इथेच थांबावं.

नीरा (शांता आपटे) ही पोरकी, शिकलेली मुलगी. तिला वाढवणारे नातेवाईक पैशाच्या लोभाने तिला फसवून काकासाहेब (केशवराव दाते) या उतारवयातल्या विधुर वकिलाशी तिचं लग्न लावून देतात. काकासाहेबांना तिच्या वयाची मुलं आहेत. आणि मग सासरी आल्यावर नीरा जे करते त्यासाठी हा चित्रपट ओळखला जातो. ती या लग्नाला लग्न मानायलाच नकार देते. नवऱ्याला जवळ येऊ देत नाही, घरातल्या मोठ्यांसमोर मान खाली घालत नाही, अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला चांगलीच अद्दल घडवते.

माझा प्रश्न असा. इतकी निडर मुलगी बोहल्यावरून उठली का नाही? चार लोकांसमोर एकदाच ‘मला हे लग्न मान्य नाही’ म्हणाली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. तिने लग्न होऊ दिलं आणि झाल्यावर नाकारलं, हा क्रम मला कळत नाही. माझ्या मैत्रिणीचं म्हणणं, लग्न झालं नसतं तर चित्रपटच झाला नसता. पण शांतारामबापूंसारखा माणूस एवढी मोठी फट नुसती सोयीसाठी ठेवेल असं मला वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

अक्षरवेल:

मला तरी उत्तर सरळ दिसतं. मुलगी पोरकी. मंडपातून उठली तर त्या रात्री जाणार कुठे? ज्या घरातून ती मंडपात आली, त्याच घराने तिचे पैसे घेतलेले. परत त्याच दारात उभं राहायचं? त्या काळी बोहल्यावरून उठलेल्या मुलीला दुसरं स्थळ कोण सांगून आणणार? आज आपण घरात बसून म्हणतो ‘उठायला हवं होतं’, पण उठल्यावर पाय ठेवायला जागा लागते.

मध्यमा:

अक्षरवेल, तुमचं म्हणणं ऐकायला पटतं, पण चित्रपटात टिकत नाही. आधार नव्हता म्हणून मंडपात गप्प बसली असं धरलं, तर सासरी कोणता आधार होता? तिथे तर ती पूर्णपणे परक्यांच्या हातात. उपाशी ठेवली असती, कोंडली असती, हाकलून दिली असती, विचारणारं कोणी नव्हतं. तरी तिथे ती एक पाऊल मागे सरत नाही. म्हणजे ‘जाऊ कुठे’ या भीतीने गप्प बसणारी ही मुलगी नव्हे.

मला तर ही पात्रातली विसंगतीच वाटते. मंडपातली नीरा आणि घरातली नीरा या दोन वेगळ्या मुली आहेत.

रानजाई:

मध्यमा, अगदी हेच. परिस्थितीचं कारण दोन्हीकडे सारखं आहे, वागणं मात्र वेगळं. तो फरक कुठून आला?

पडद्यामागे:

मी बांधणीच्या अंगाने बोलतो. ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत नाही. शांतारामांनी ते ठरवून टाळलं आणि घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज वापरले. १९३७ साली हे धाडस होतं. याचा परिणाम असा की नीरेच्या मनात काय चाललंय हे आपल्याला कुठलंही व्हायोलिन सांगत नाही. इतर चित्रपटांत अशा वेळी वाद्यवृंद रडायला लागतो आणि आपल्याला समजतं की मुलगी मनातून तुटली आहे. इथे आपल्यासमोर फक्त जे घडतं ते आहे. म्हणून तिची मंडपातली शांतता आपण संमती किंवा दुबळेपणा म्हणून वाचतो. ती दुबळेपणाची असेलच असं नाही.

दुसरं, आपल्याकडचं लग्न डोळ्यांसमोर आणा. मंगलाष्टकं, अक्षता, ‘सावधान’चा गजर, वाजंत्री. एवढ्या आवाजात नवऱ्या मुलीचा स्वतःचा आवाज कुठे बसतो?

आणि हीच मुलगी पुढे या चित्रपटात लॉंगफेलोची इंग्रजी कविता गाते. त्यातलं आवाहनच असं आहे की मुक्या, हाकलल्या जाणाऱ्या गुरांसारखं जगू नका, या झुंजीत वीर व्हा. लोक त्या गाण्याकडे ‘मराठी चित्रपटात चक्क इंग्रजी गाणं’ म्हणून कुतूहलाने बघतात. पण जिला हाकलत नेऊन उभं केलं गेलं, तिनेच ते शब्द गावेत यात दिग्दर्शकाने सगळं सांगून टाकलंय असं मला वाटतं.

कोर्टकचेरी:

मी व्यवसायाने वकील आहे, म्हणून कायद्याची बाजू मांडतो. काकासाहेबही वकील होते, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१९३७ सालचा हिंदू विवाह हा कायद्याच्या नजरेत करार नव्हता, संस्कार होता. देणाऱ्याने कन्या दिली, घेणाऱ्याने घेतली, सातवं पाऊल पडलं, की गाठ कायमची. मुलीच्या संमतीवाचून काही अडत नव्हतं. १९२९ चा शारदा कायदा अमलात होता, पण तो वयापुरता. मुलीचं वय १४ पूर्ण हवं, मुलाचं १८. वराचं वय जास्तीत जास्त किती असावं, दोघांत किती अंतर चालेल, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. म्हणजे नीरेचं लग्न त्या कायद्याला कुठेच खुपत नव्हतं.

आता गंमत नव्हे, पण एक बारीक गोष्ट बघा. आपण अंतरपाट दूर झाला, माळा घातल्या, की ‘लग्न लागलं’ म्हणतो. कायदा मात्र सप्तपदीचं सातवं पाऊल बघतो. तेवढ्या मधल्या वेळात उठता आलं असतं का? शास्त्राने आलं असतं. पण त्या वेळात तिला ‘थांबा’ म्हणायला साथ देणारं कोण होतं?

नंतर नकार देणाऱ्या बाईचं काय व्हायचं याचं उदाहरण मुंबईतच घडलं होतं. रखमाबाईंचं. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे, दादाजीकडे, नांदायला जायचं नाकारलं. १८८४ साली त्याने दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिनाभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. ‘केसरी’ने त्या वेळी त्यांच्यावर किती आग पाखडली हे सर्वांना माहीत आहे. ‘कुंकू’ आला तेव्हा रखमाबाई हयात होत्या.

बायकोला नांदायला येत नाही म्हणून तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ साली निघाली. म्हणजे नीरेला तुरुंगाची भीती नव्हती, पण दावा लागूच शकला असता.

मध्यमा:

तुमची माहिती मोलाची आहे, पण यातून माझाच मुद्दा बळकट होतो. रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या, त्या मंडपात काय बोलणार? नीरा जाणती आहे, शिकलेली आहे.

दर्भ:

मी पौरोहित्य करते, बरीच वर्षं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांमुळे बायकांनी लग्न लावणं आता नवीन राहिलेलं नाही. ही चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. जरा मोठं होईल.

तुम्ही सगळे विचारताय की नीरा ‘नाही’ का म्हणाली नाही. मी रोज जो विधी करते तो तुमच्यापुढे मांडते, आणि त्यात तिने कुठल्या क्षणी ‘नाही’ म्हणायचं होतं ते तुम्ही मला दाखवा.

वाङ्निश्चय होतो तो दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांत. शब्द एकमेकांना ते देतात. मग पुण्याहवाचन. कन्यादानाचा संकल्प सोडतो तो मुलीचा बाप, किंवा त्याच्या जागी जो कोणी असेल तो. तो वराला म्हणतो, धर्म, अर्थ आणि काम यांत हिचा अतिक्रम करू नकोस. वर म्हणतो, ‘नातिचरामि’, नाही करणार. म्हणजे प्रश्न विचारला जातो, उत्तरही दिलं जातं. पण विचारणारा बाप आणि उत्तर देणारा जावई. जिच्याबद्दल बोलणं चाललंय ती शेजारी बसलेली असते. मंगलाष्टकं गुरुजी आणि हौशी नातेवाईक म्हणतात. लाजाहोमात लाह्या तिच्या ओंजळीतून अग्नीत पडतात, पण मंत्र वर म्हणतो. अश्मारोहणात तिचा पाय दगडावर ठेवायला लावतात आणि वर तिला सांगतो, या दगडासारखी स्थिर हो. सप्तपदीची सात वाक्यंही वराची.

या सगळ्या विधीत वधूला कोणीही, एकदाही, काहीही विचारत नाही.

इंग्लंडच्या चर्चमध्ये पाद्री वधूला विचारतो, तिने उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्याआधी उपस्थितांनाही विचारतो की कोणाला काही हरकत आहे का. निकाहात मुलीची कबुली घेतात. तिथे नकार द्यायला जागा ठेवलेली आहे, ती जागा वापरायची की नाही हा पुढचा भाग. म्हणून परदेशी चित्रपटांत नवरी वेदीपुढे ‘नाही’ म्हणते तेव्हा ते दृश्य उभं राहतं. कारण कोणीतरी तिला विचारलेलं असतं आणि सगळे तिच्या उत्तराची वाट बघत थांबलेले असतात. आपल्या मंडपात कोणी थांबलेलं नसतं. तिथे ‘नाही’ म्हणायचं तर आधी सगळा मंडप थांबवावा लागतो. मग आपण कोणाच्या तरी कामात व्यत्यय आणतो आहोत असं होतं, उत्तर देतो आहोत असं होत नाही.

आता नीरा सासरी येते. तिथे काय होतं? तिथे तिला पहिल्यांदा काहीतरी मागितलं जातं. नवऱ्याला तिच्याकडून बायकोपण हवं असतं. घराला तिच्याकडून सूनपण हवं असतं. मागणं आलं की देणाऱ्याचं अस्तित्व मान्य करावं लागतं. नीरा तिथे नाही म्हणते, कारण तिच्याकडे मागायला आलेली ती पहिली जागा आहे. मंडपातली नीरा आणि घरातली नीरा वेगळ्या नाहीत. मंडपात तिला कोणी विचारलंच नव्हतं.

आणि ते अश्मारोहणाचं वाक्य. दगडासारखी स्थिर हो. झाली की ती.

रानजाई:

दर्भताई, मी दोनदा वाचलं. मी स्वतःच्या लग्नात हे सगळे विधी केले आहेत आणि मला कोणी काही विचारलं नाही हे आज पहिल्यांदा लक्षात येतंय. माझं लग्न माझ्या पसंतीचं होतं, त्यामुळे ते कधी टोचलं नाही.

तुमच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही प्रश्नच उलटा विचारत होतो. ती का बोलली नाही याच्या आधी, तिला बोलायचा क्षण कुठे होता हे विचारायला हवं.

जुनेजाणते:

दर्भताईंचा मुद्दा मराठी रंगभूमीने ‘कुंकू’च्या कितीतरी आधी दाखवून ठेवला आहे. देवलांचं ‘संगीत शारदा’, १८९९ सालचं. तिथेही म्हातारा भुजंगनाथ, तिथेही पैशापायी मुलगी विकणारा बाप. आणि तिथे लग्न मंडपातच मोडतं! पण कशामुळे मोडतं? शारदा ‘नाही’ म्हणाली म्हणून नव्हे. वधू आणि वर सगोत्र निघाले म्हणून. शास्त्राची हरकत आली तेव्हा मंडप थांबला, मुलीच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी थांबला नव्हता. आणि लग्न मोडल्यावर शारदा सुटते का? उलट जीव द्यायला निघते, कारण अशी अर्धवट लग्न झालेली मुलगी कोण करणार? कोदंड तिला वाचवतो आणि स्वीकारतो, म्हणून नाटक सुखान्त होतं.

अक्षरवेल म्हणतात तो ‘पुढे जाणार कुठे’ हा मुद्दा शारदेच्या बाबतीत शंभर टक्के खरा आहे. मंडपात लग्न मोडणं म्हणजे सुटका, हे आपण आजच्या डोक्याने धरून चाललो आहोत.

अडतीस वर्षांनी आलेली नीरा शारदेपेक्षा एक पाऊल पुढे जाते. ती जीव द्यायला निघत नाही. तिला वाचवायला कोदंड येत नाही. ती स्वतःच त्या घरात पाय रोवून उभी राहते.

मध्यमा:

दर्भताई, मंडपाचा मुद्दा मला पटला. विसंगती हा शब्द मी मागे घेते.

पण मग मला शेवटाबद्दल बोलायचं आहे, कारण तिथे चित्रपट माझ्या हातून निसटतो. सगळा वेळ नीरा लढते. आणि शेवटी काय? काकासाहेबांना आपली चूक उमगते, ते तिला मुलगी मानतात, तिच्या कपाळावरचं कुंकू पुसतात, आणि पुनर्विवाह कर असं सांगणारं पत्र ठेवून आत्महत्या करतात. म्हणजे नकार हिचा आणि त्याग त्यांचा. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतात ते काकासाहेबांसाठी. केशवराव दात्यांनी ते इतकं उत्तम केलंय की फुटक्या आरशासमोरच्या त्या दृश्यात मलासुद्धा त्यांची कीव आली, आणि नंतर त्या कीव येण्याचाच राग आला. ज्याने एका मुलीचं आयुष्य विकत घेतलं, त्याच्या पश्चात्तापाला एवढी जागा का?

पडद्यामागे:

दाते मुळात नाटकातले, ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक करणाऱ्या नाट्यमन्वंतर या संस्थेच्या मंडळींपैकी. खलनायक रंगवणं त्यांना सोपं गेलं असतं. शांतारामांनी आणि त्यांनी मिळून तो मोह टाळला. काकासाहेब राक्षस असते तर प्रेक्षकांतला प्रत्येक विधुर घरी जाऊन म्हणाला असता, ‘मी काही असा नाही.’ ते सज्जन आहेत, सुशिक्षित आहेत, त्यांची स्वतःची मुलगी समाजकार्य करणारी आहे, आणि तरी त्यांनी हे केलं. त्या मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. रँग्लर परांजप्यांची कन्या, आणि प्रत्यक्षातही र. धों. कर्व्यांच्या संततिनियमनाच्या कामात सहभागी असलेल्या. त्या पडद्यावर बापाला जाब विचारतात तेव्हा १९३७ च्या प्रेक्षकाला ती नुसती नटी दिसली नसणार.

कोर्टकचेरी:

मध्यमा, तुमचा शेवटाबद्दलचा राग मी समजू शकतो. पण तो शेवट कायद्याच्या चौकटीत ठेवून बघा, मग वेगळाच दिसतो.

काकासाहेबांना खरोखरच नीरेला मोकळं करायचं आहे असं धरा. वकील माणूस, त्यांना मार्ग ठाऊक असणार. कोणता मार्ग होता? मुंबई इलाख्यात हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला १९४७ साली. देशभरासाठी हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये, रखमाबाई वारल्या त्याच वर्षी. १९३७ साली नवऱ्याने शंभर वेळा ‘तू मोकळी आहेस’ म्हटलं तरी ती मोकळी होत नव्हती. कुंकू पुसलं तरी होत नव्हती. तो जिवंत असेपर्यंत ती दुसरं लग्न करू शकत नव्हती.

मात्र विधवेला पुनर्विवाह करता येत होता, १८५६ पासून. म्हणजे सधवा म्हणून तिला बाहेर पडायचं दार नाही, विधवा म्हणून आहे. काकासाहेबांची आत्महत्या मला म्हणूनच नुसता नाटकी त्याग वाटत नाही. कायद्याने बाईच्या सुटकेसाठी एकच दार ठेवलं होतं आणि ते नवऱ्याच्या प्रेतावरून जात होतं. चित्रपट हे शब्दांत कुठे म्हणत नाही, पण १९३७ चा प्रेक्षक ते जाणून होता.

आणखी एक. त्याच वर्षी, १९३७ मध्ये, डॉ. देशमुखांच्या प्रयत्नाने हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा झाला. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाएवढा वाटा मिळू लागला, तोही हयातीपुरता. पण १८५६ च्या कायद्याप्रमाणे पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जात होता. म्हणजे नीरेने पत्रातलं ऐकून लग्न केलं असतं तर तिला हातातलं सगळं सोडावं लागलं असतं. सुटकेची किंमत शेवटी तीच मोजणार होती.

निळावंती:

एक राहिलंय, आणि ते महत्त्वाचं आहे. कोर्टकचेरी म्हणतात ती कोंडी सगळ्या महाराष्ट्राची नव्हती, पांढरपेशांची होती. कितीतरी जातींत काडीमोड होता. पंचांसमोर काडी मोडली की बाई मोकळी. आणि पाट लावता येत होता, म्हणजे बाईला दुसरं लग्न करता येत होतं, म्होतूर म्हणा, पाट म्हणा. माझ्या पणजीचा पाट लागलेला होता आणि घरात त्याबद्दल कोणी कुजबुजत बोललेलं मी ऐकलं नाही. इंग्रजी कोर्टही रूढी सिद्ध झाली तर असा काडीमोड मानत असे. म्हणजे ज्या बायकांना शिकलेले लोक मागासलेल्या म्हणत होते, त्यांच्याकडे तो हक्क होता आणि लॉंगफेलो गाणाऱ्या नीरेकडे नव्हता.

शिवाय इलाख्याबाहेर बघा. सयाजीरावांच्या बडोदा संस्थानात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीच झाला होता. तेव्हा ‘काळच तसा होता’ असं म्हणून सोडून देऊ नका. त्याच काळात लोक वेगळं करत होते.

मध्यमा:

निळावंती, तुमच्या प्रतिसादाने माझं काम सोपं केलं. काळाने एकच दार ठेवलं होतं असं कोर्टकचेरी म्हणतात, पण त्या काळात इतरही दारं होती, फक्त ती काकासाहेबांच्या घराला नव्हती. मग दिग्दर्शकाने नीरेला पुनर्विवाहाकडेच का पाठवायचं? ती शिकलेली आहे. घरात समाजकार्य करणारी सावत्र मुलगी आहे, तिच्याबरोबर काम करत ती राहू शकली असती. नकाराचं पर्यवसान दुसऱ्या होकारातच व्हायला हवं का?

शांता आपटेंनी स्वतः १९३९ मध्ये कराराच्या वादावरून प्रभातच्या दारात उपोषण केलं होतं, हे आठवा. ती बाई पडद्याबाहेर नुसतं ‘नाही’ म्हणून थांबली नाही, पुढे उभी राहिली. मला पडद्यावरच्या नीरेसाठी तसा शेवट हवा होता.

अक्षरवेल:

मध्यमा, शेवटाबद्दल तुमच्याशी सहमत. एवढ्या ताकदीच्या पात्राला पुढचं आयुष्य सांगायला मेलेल्या माणसाचं पत्र लागू नये.

रानजाई:

दर्भताई, एक विचारू? तुम्ही लावता त्या लग्नांत तुम्ही मुलीला विचारता का?

दर्भ:

विचारते. अंतरपाटाच्या आधी, दोघांना वेगवेगळं, कोणी जवळ नसताना. एवढंच की हे तुला हवंय ना, तुझ्या मनाने आहे ना. पुष्कळ मुली हसतात, ‘अहो काकू, आम्ही तर चार वर्षं एकमेकांना ओळखतो’ म्हणतात. काही घरांत मुलीच्या आईला राग येतो, मुहूर्त टळतोय म्हणतात. मी तरी विचारते. आणि विधीत सप्तपदीची वाक्यं दोघांकडून म्हणवून घेते, मराठीत, अर्थ कळेल अशी. कोणी म्हणतात हे शास्त्रात नाही. पण तिच्या तोंडचा एकही शब्द नसताना तिचं लग्न लावायला माझं मन धजत नाही.

कोर्टकचेरी:

दर्भताई, तुम्ही करता त्याला कायद्यात आधार आहे, आणि तो नीरेच्या काळातही होता. लोक आज ज्याला रजिस्टर लग्न म्हणतात त्याचा पहिला कायदा १८७२ चा. त्यात अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर वराला म्हणावं लागे की मी हिला पत्नी म्हणून स्वीकारतो, आणि वधूला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागे की मी याला पती म्हणून स्वीकारते. ती बोलल्याशिवाय लग्न पुरं होत नसे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही तीच अट आहे, आणि दोघांना समजेल अशा भाषेत. सुरुवातीला या कायद्याखाली लग्न करायचं तर आपण हिंदू नाही असं लिहून द्यावं लागे, पण १९२३ च्या दुरुस्तीनंतर हिंदूंना धर्म न सोडता तसं लग्न करता येऊ लागलं.

म्हणून मी आधी म्हटलं होतं, काकासाहेब वकील होते हे लक्षात ठेवा. मुलीला विचारून होणारं लग्न आणि न विचारता होणारं लग्न, दोन्ही त्यांच्यासमोर होती.

मध्यमा:

मग फुटक्या आरशापुढे मला आलेली कीव मी परत घेते. हे चित्रपटात कुठे सांगितलेलं नसलं तरी वकिली करणाऱ्या माणसाला ते माहीत असणारच. नीरेला फसवून बोहल्यावर बसवलं, आणि तिला विचारावं लागेल अशा ठिकाणी जायचं टाळलं.